हायवेवर गाडीचं इंजिन ओरडतंय? पुढचं स्प्रॉकेट बदलण्याआधी हे गणित समजून घ्या

गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज दुचाकीवर ये-जा करणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते. 100 किंवा 125 सीसीची गाडी 60-65 च्या पुढे गेली की इंजिनचा आवाज वाढतो, हँडल आणि फूटरेस्ट थरथरतात. मग गॅरेजवर हमखास सल्ला मिळतो, "पुढचं स्प्रॉकेट एक दात्यानं मोठं टाका, गाडी निवांत पळेल." हा सल्ला खोटा नाही, पण सगळ्यांच्या गाडीला तो लागू पडत नाही. पैसे घालण्याआधी पुढची माहिती वाचा.

नेमकं काय बदलतं?

इंजिनजवळ चेनचं छोटं स्प्रॉकेट असतं आणि मागच्या चाकावर मोठं. मागचे दाते भागिले पुढचे दाते, हे झालं गाडीचं चेनचं प्रमाण. समजा पुढे 14 आणि मागे 42 दाते आहेत. 42 भागिले 14 म्हणजे 3. पुढचं छोटं स्प्रॉकेट 3 वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं.

आता पुढे 15 दात्यांचं टाकलं, तर प्रमाण 2.8 होतं. म्हणजे ज्या वेगाला इंजिन आधी मिनिटाला 6,000 फेरे मारत होतं, त्याच वेगाला आता 5,600 मारेल. आवाज आणि थरथर कमी होते ती यामुळेच. पुढचा एक दाता वाढवणं हे मागचे साधारण 3 दाते कमी करण्यासारखं आहे. म्हणून पुढे एकावेळी एकच दाता बदलतात.

(14 आणि 42 हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत. आपल्या गाडीचे दाते मोजून घ्या.)

टॉप स्पीड वाढतो का?

छोट्या गाडीचा बहुतेक वेळा नाही. स्प्रॉकेट बदलल्यानं इंजिनची ताकद वाढत नाही. वेग 60 वरून 80 वर नेला, तर हवा कापायलाच दुपटीहून जास्त ताकद लागते. हिरो स्प्लेंडर प्लसचं 97.2 सीसीचं इंजिन साधारण 8 पीएस ताकद देतं, तीही 8,000 फेऱ्यांना. फेरे कमी केले की हाताशी असलेली ताकदही कमी होते. समोरून वारा असेल, तर अशी गाडी टॉप गिअरमध्ये आधीपेक्षाही हळू पळू शकते.

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 सारख्या गाडीचा जोर मात्र 4,000 फेऱ्यांनाच सर्वात जास्त मिळतो आणि ताकद 20 पीएसच्या आसपास असते. म्हणून अशा गाडीला एक दाता वाढवलेला झेपतो. मोठ्या गाडीवाल्याचा अनुभव ऐकून छोट्या गाडीवर प्रयोग करू नये.

तोटा कुठे होतो?

- उचल कमी होते. वरच्या उदाहरणात चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे 7 टक्के घटतो. दुधाचे कॅन, खताची गोणी किंवा डबल सीट असेल तर फरक लगेच कळतो.
- क्लच झिजतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवायला क्लच जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो. चिखलाचा रस्ता, शेताचा बांध किंवा चढावर हे रोज झालं, तर क्लच प्लेट लवकर जातात.
- उतारावर इंजिनचा आवर कमी पडतो. कसारा, खंबाटकी किंवा आंबोलीसारख्या घाटात गाडी त्याच गिअरमध्ये आधीपेक्षा जास्त सुटते. एक गिअर खाली घेऊनच उतरा.
- ओव्हरटेकला वेळ लागतो. उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक ओलांडताना टॉप गिअरमध्ये गाडी पटकन ओढत नाही. समोरून वाहन येत असेल तर हे जिवावर बेतू शकतं. ओव्हरटेकच्या आधीच गिअर खाली घ्यायची सवय लावा.

अॅव्हरेज वाढेल का?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगानं चालवली तर थोडं वाढू शकतं. पण गावातले खड्डे, स्पीडब्रेकर आणि चढ यांत सारखा खालचा गिअर घ्यावा लागत असेल, तर वाढलेलं तिथेच जातं.

आधी ही फुकटची परीक्षा घ्या

रोज जेवढं ओझं असतं तेवढं घ्या. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये 60 वर गाडी धरा आणि थोडी रेस द्या. गाडी सहज पुढे सरकली, तर इंजिनात ताकद शिल्लक आहे. रेस देऊनही वेग वाढत नसेल किंवा प्रत्येक उड्डाणपुलावर खालचा गिअर लागत असेल, तर स्प्रॉकेटला हात लावू नका.

गाडीवर ताण येण्याचं कारण दुसरंही असू शकतं. चाकात हवा कमी असणं, चेन जास्त ताणलेली असणं, ब्रेक घासणं, एअर फिल्टर तुंबणं, हे आधी तपासा. बरेचदा एवढ्यातच काम होतं.

बदलायचंच ठरलं तर

1. चेनचा नंबर बघा. 428 च्या चेनला 428 चंच स्प्रॉकेट लागतं.
2. जुन्या, ताणलेल्या चेनवर नवीन स्प्रॉकेट टाकू नका. चेन किट संपल्यावर सगळा सेट बदलतानाच हा बदल करणं परवडतं.
3. एक दाता वाढला की मागचं चाक जवळपास 3 मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. तेवढी जागा शिल्लक आहे का, आणि चेन पुढच्या कव्हरला घासत नाही ना, हे हातानं चाक फिरवून बघा.
4. चेनचा ढिलेपणा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा.
5. काही गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या बाजूनं चालतो. अशा गाडीत काटा 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 64 च्या पुढे असेल. पुढच्या चाकावर चालणाऱ्या मीटरला फरक पडत नाही.
6. जुनं स्प्रॉकेट टाकून देऊ नका. महिनाभरात नाही पटलं, तर तेच परत बसवता येतं.
7. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

थोडक्यात

रोजचा रस्ता सपाट, मोकळा आणि गाडीवर एकटा माणूस असेल, तर एक दाता वाढवून प्रवास आरामाचा होऊ शकतो. घाट, ओझं आणि कच्चा रस्ता असेल, तर कंपनीनं दिलेलं प्रमाणच बरं. अशा गाडीला हायवेवर 50-55 वर ठेवलं, तर इंजिन आपोआप शांत राहतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.