ओढ्यातली कोळंबी, टाकीतली कोळंबी

प्रस्तावना

मृगाचा पहिला पाऊस झाला की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या ओढ्यांवर वलगणीचे मासे धरायला झुंबड उडते. त्या माशांबरोबर जाळ्यात बोटभरही लांबी नसलेले, जवळजवळ पारदर्शक झिंगे येतात. ते निवडायचे, सुकवायचे किंवा कालवणात टाकायचे, एवढाच त्यांचा आजवरचा हिशेब. याच प्राण्यांचे भाऊबंद जपान, तैवान आणि जर्मनीत लोक काचेच्या टाकीत सांभाळतात, त्यांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या निवडीने घडवतात, आणि मुंबई-पुण्यातली हौशी मंडळी एकेका नगाचे पैसे मोजतात, ही गोष्ट मात्र या डोंगरात फारशी पोचलेली नाही. ती नीट पोचावी म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. या विद्येतला सर्वांत अवघड भाग म्हणजे पाणी. पाण्याच्या बाबतीत जव्हारच्या माणसाकडे शहरातल्या हौशी माणसापेक्षा जास्त शिदोरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

छंद म्हणून या विषयाचे वय फार नाही. १९८०च्या दशकात ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने वनस्पतींनी सजवलेल्या टाक्यांतले शेवाळ खाण्यासाठी एक साधी, रंगहीन नदीतली कोळंबी वापरायला सुरुवात केली. आज ती जगभर त्याच्याच नावाने विकली जाते. १९९०च्या दशकात हिसायासु सुझुकी यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्यांत काही लाल पिल्ले आढळली. त्यांनी ती वेगळी काढून जोपासली आणि त्यातून ‘क्रिस्टल रेड’ उभी राहिली. नवशिक्याच्या हाती पहिली पडते ती लाल ‘चेरी’. तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ चीन-तैवानकडच्या ओढ्यांतली ही कोळंबी तिथे मळकट तपकिरी असते. लाल, पिवळा, निळा, नारिंगी हे सारे रंग माणसाच्या निवडीतून आले. म्हणूनच दोन रंग एका टाकीत सोडले की काही पिढ्यांत पुन्हा तपकिरी पिल्ले दिसू लागतात.

पण रंगांच्या आधी एक प्रश्न समजून घ्यायला हवा: काही कोळंब्या टाकीत सहज वाढतात आणि काही वर्षानुवर्षे पाळूनही एक पिल्लू देत नाहीत, असे का? याचे उत्तर शोधणाऱ्यांत आपल्या भागातले लोक आहेत, याचा मला अभिमान वाटतो. के. एन. संकोल्ली, शकुंतला शेणॉय आणि डी. आर. जलिहाळ यांनी गोड्या पाण्यातल्या कोळंब्यांवर दीर्घकाळ काम केले. १९८४ मध्ये त्यांनी धारवाड परिसरातून कॅरिडिना प्रजातीच्या पाच नव्या जातींची नोंद केली. १९९३ मध्ये ‘क्रस्टेशियाना’ या नियतकालिकात त्यांनी मॅक्रोब्रॅकियम प्रजातीचा समुद्राकडून गोड्या पाण्याकडे झालेला प्रवास अळ्यांच्या वाढीवरून मांडला. त्यातली मुख्य गोष्ट साध्या भाषेत अशी. समुद्राशी नाते न तुटलेल्या कोळंबीची अंडी बारीक आणि पुष्कळ असतात; अळ्यांना खाडीचे मचूळ पाणी लागते आणि त्या अनेक अवस्थांतून जातात. जी कोळंबी डोंगरातल्या ओढ्यात कायमची राहायला आली, तिची अंडी मोठी आणि मोजकी झाली, अळीचा काळ आखडत गेला. अमानो कोळंबी पहिल्या प्रकारातली, म्हणून साध्या टाकीत तिची अळी जगत नाही. चेरी या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या अंड्यातून बाहेर येते ते आईचेच दोन मिलिमीटरचे रूप.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. वयात आलेल्या मादीच्या पाठीवर, डोक्यामागे, पिवळसर खोगिरासारखा डाग दिसतो. ती तयार होणारी अंडी. मादी कात टाकते आणि तिच्या अंगातून पाण्यात गंध सुटतो. मग तासन्‌तास दगडाला चिकटून बसणारे नर अचानक टाकीभर सैरभैर पोहू लागतात. थोड्याच वेळात तीच अंडी पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत आलेली दिसतात, साधारण वीस-तीस. पुढचे तीन-चार आठवडे मादी ते पाय सतत हलवत राहते, अंड्यांना ताजे पाणी देते, खराब झालेले अंडे काढून टाकते. शेवटी शेवटी अंड्याच्या आत दोन काळे डोळे दिसतात. ज्याने हे एकदा भिंगातून पाहिले, त्याला पुढची प्रकरणे वाचायला सांगावे लागत नाही.

आता पाण्याकडे वळू. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या कोचाळे गावाजवळ आहे. आणि तरीही मार्च उलटला की इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्या मुलखात बाया डोक्यावर हंडे घेऊन टेकडी चढतात, तिथे काचेच्या टाकीची भाषा करताना माणसाने हिशेब द्यायला हवा. तो देतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. एकदा ती स्थिरावली की आठवड्याला त्यातले पाच-सहा लिटर बदलायचे आणि वाफेने कमी होईल तेवढे भरायचे. बदललेले पाणी परसातल्या वांगी-मिरचीला घालता येते. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असलेल्या घरात उन्हाळ्यात टाक्या वाढवू नयेत, हे मी ठामपणे सांगतो.

खरी संधी पावसात आहे. पट्टेरी ‘क्रिस्टल’ जातींना जवळजवळ क्षार नसलेले, किंचित आम्ल पाणी लागते. त्यासाठी शहरातला हौशी माणूस आरओचे यंत्र बसवतो, एक लिटर चांगल्या पाण्यासाठी त्याहून जास्त पाणी गटारात सोडतो आणि वर क्षारांची महागडी पूड विकत घेतो. इथे तसलेच मऊ पाणी चार महिने कौलांवरून वाहून जाते. पहिले काही पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, मग पन्हाळीचे पाणी झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, अंधारात साठवावे. पत्र्याचे छप्पर असेल तर सावध राहावे, कारण पत्र्यावरचे जस्त कोळंबीला सोसत नाही. या पाण्यात विहिरीचे पाणी थोडे थोडे मिसळत गेले की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, हवा तिथे आणता येतो: चेरीसाठी साधारण १५० ते २५०, क्रिस्टलसाठी त्याहून कमी. टीडीएसचे पेनासारखे यंत्र स्वस्त मिळते आणि या धंद्यातली ती पहिली खरेदी असावी. टाकीत घालायला बदामाची वाळलेली पाने दुकानात पाकिटातून विकली जातात. इथे ती झाडाखाली पडलेली असतात. फवारणी न झालेल्या झाडाची तेवढी निवडावीत.

क्रिस्टलबद्दल मात्र घाई नको. तिला चोवीस अंशांच्या वर गेलेले पाणी मानवत नाही. जव्हार उंचावर आहे, रात्री गार असतात, पण एप्रिल-मेमधली दुपार ती दुपारच. चेरी अठ्ठावीस अंशांपर्यंत तग धरते. मातीच्या भिंतीची खोली, टाकीभोवती ओले गोणपाट आणि पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा एवढ्यावर तिचा उन्हाळा निघू शकतो. वीज तासन्‌तास जाते हे धरूनच टाकी लावायची: कोळंबी विरळ, मॉस भरपूर, स्पंजचा फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप.

जेवढे मासे सहन करतात तेवढे कोळंबी करत नाही. तांब्याचा अंश तिला मारक ठरतो, म्हणून तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी टाकीत कधीही ओतू नये. आंब्या-काजूवर औषध मारलेल्या हातांनी टाकीत हात घालू नये. ज्या खोलीत मच्छरांची अगरबत्ती किंवा फवारा वापरला जातो, तिथे टाकी नको. माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या टाक्या एका रात्रीत रिकाम्या झाल्या, त्यांत रोगाचा वाटा थोडा आणि या तीन गोष्टींचा मोठा होता.

विक्रीबद्दल स्पष्ट बोलतो. नाशिक इथून साधारण ८० किलोमीटर, मुंबई-ठाणे बसने गाठता येण्याजोगे. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत गिऱ्हाईक आहे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, धरून बसायला मॉसचा झुबका, बाहेर थर्माकोलचा डबा अशी बांधणी केली तर माल जिवंत पोचतो. पण हा बाजार अरुंद आहे. लाल चेरी एकाच वेळी पन्नास घरांत तयार झाली तर तिचा भाव कोसळणार, हे उघड आहे. ‘आमच्याकडून पिल्ले घ्या, वाढलेला माल आम्हीच परत घेऊ’ या बोलीवर महाराष्ट्रात इमूपालन आणि कडकनाथ कोंबडीत कितीतरी शेतकरी बुडाले. तीच बोली कोळंबीच्या नावाने दारात आली तर ऐकून घ्या आणि निरोप द्या. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाच्या परसातल्या युनिटचा खर्च तीन लाख धरून अनुसूचित जमातींना आणि महिलांना साठ टक्के अनुदान ठेवले होते. अशा योजनेची चौकशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर करावी, पण आधी विद्या, मग अनुदान.

इथल्या ओढ्यांतल्या झिंग्यांचे काय? लांब नांग्यांचे ते मॅक्रोब्रॅकियम. ते टाकीतल्या दुबळ्या सोबत्यांना खातात. ज्यांच्या पुढच्या पायांच्या टोकाला कुंचल्यासारखे केस असतात आणि जे दिवसभर दगड खरवडत राहतात, ते कॅरिडिनाच्या कुळातले. त्यांत टाकीत शोभतील असे नमुने आहेत. मात्र त्यांचा व्यापार करायचा तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होऊ शकतो, म्हणून गावाच्या जैवविविधता समितीला आधी विचारून घ्यावे. हा पेसा क्षेत्रातला भाग आहे. लहान पाणवठ्यांवर ग्रामसभेचा अधिकार आहे. तो अधिकार वापरून आधी कोणत्या ओढ्यात काय राहते याची नोंद शाळकरी मुलांनी करावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. विकण्याचे पुढे पाहता येईल.

उलट दिशेचा, म्हणजे टाकीतली कोळंबी ओढ्यात जाण्याचा, धोका त्याहून मोठा आहे. जर्मनीसारख्या थंड देशात वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने तापलेल्या ओढ्यात चेरीने बस्तान बसवले. इथल्या पिंजाळ आणि वाघ नद्यांचे पाणी तर बारा महिने उबदार. शिवाय कोळंबीच्या शेततळ्यांत हाहाकार माजवणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू गोड्या पाण्यातल्या कवचधारी प्राण्यांतही राहू शकतो. नवा माल किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याचा आग्रह या पुस्तकात वारंवार आला आहे, तो यासाठीच.

वाचकहो, सुरुवात एका टाकीने करा आणि ती पावसाळ्यात लावा. दर आठवड्याचे तापमान, टीडीएस आणि अंड्यांवरच्या माद्या वहीत लिहा. एक मे महिना पार पडेपर्यंत कोणाला माल कबूल करू नका. आणि नको झालेली एकही कोळंबी, टाकीतले एक तांब्याभर पाणीसुद्धा, ओढ्यात सोडू नका.