घोड्याचा दात, कुत्र्याचा दात

आज दातांबद्दल बोलू.

आपली रिमाउंट अँड व्हेटरनरी कोर स्वतःची सुरुवात 1779 पासून मोजते. 1808 मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा शिकलेला पशुवैद्य कंपनीच्या बिहारातल्या पुसा इथल्या घोडपैदाशीवर आला. घोड्याचे पुढचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीनं येतात. त्यामुळे तोंड उघडलं की वय कळतं, व्यापाऱ्याची थाप चालत नाही. दात म्हणजे घोड्याचा जन्मदाखलाच!

कुत्र्यांकडे मात्र आम्ही त्या नजरेनं पाहिलं नाही. त्याला 42 दात, मांजराला 30. हाड, दगड, साखळी चावून वरची मोठी दाढ किंवा सुळा फुटतो. तरी गडी जेवतो, शेपूट हलवतो.

आमच्याकडचा एक श्वान सरावात बाही धरून लगेच सोडू लागला. मी शेरा मारला, कामचुकार. त्याचा हँडलर, विशीतला पोरगा, दोनदा येऊन म्हणाला, "साब, एक बार मुँह तो देख लीजिए." तिसऱ्यांदा पाहिलं. सुळा तुटून आतली नस उघडी पडली होती. भूल देऊन दात काढला. शेरा मी माझ्या हातानं खोडला. त्या पोराला मात्र काय बोलावं, ते मला तेव्हा सुचलं नाही.

घरी कुत्रं-मांजर असेल तर आज रात्री त्याचा ओठ वर करून बघा. हिरडी लाल असेल, वास येत असेल तर डॉक्टरकडे न्या. ब्रश चालतो, आपली टूथपेस्ट नाही.