टायरला काळा रंग दिला मेणखडूवाल्यांनी

रंगीत मेणखडू बनवणाऱ्या कंपनीचा मोटारीच्या टायरशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण तो आहे आणि फार जवळचा आहे. अमेरिकेतल्या बिनी अँड स्मिथ कंपनीने १९०३ साली आठ क्रेयोला खडूंची पेटी पाच सेंटांना बाजारात आणली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत गुडरिच या टायर कंपनीने याच बिनी अँड स्मिथकडे वर्षाला दहा लाख पौंड काजळीची मागणी नोंदवली. रबराच्या धंद्यात तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. आज आपण टायरला पॉलिश मारून जो काळेपणा उजळवतो, त्याचं मूळ मला या मागणीत दिसतं.

त्याआधीचे टायर पांढुरके असत. कच्चं रबर मुळात फिकट, त्यात झिंक ऑक्साइड मिसळलेलं. मिशलिन टायर कंपनीच्या जाहिरातीतला १८९८ चा टायरमाणूस पांढरा आहे तो म्हणूनच.

मग पांढऱ्याचा काळा का झाला? एक मत असं की पांढरे टायर पटकन मळत, म्हणून काळे आले. मला हे पटत नाही. नुसता मळ लपवायचा तर चिमूटभर काजळी पुरली असती, दहा लाख पौंड कशाला? दुसरं मत पहिल्या महायुद्धाचं. काडतुसांच्या पितळेसाठी जस्त लागू लागलं, टायरला उरलं नाही, म्हणून काजळी आली, असं सांगतात. युद्धाने या बदलाला वेग दिला असेल, पण सुरुवात त्याने केली नाही. युद्ध पेटलं १९१४ साली आणि लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन इथल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांना काजळीने रबर चिवट होतं हे १९०४ सालीच कळलं होतं. अमेरिकेतल्या अॅक्रनच्या डायमंड रबर कंपनीने ती कृती घेतली आणि १९१२ मध्ये डायमंड गुडरिचमध्ये विलीन झाली.

इथवर तारखा स्पष्ट आहेत. पुढचं माझं मत. काजळी रबरात शिरली ती रंग म्हणून, बळ मागून सापडलं. त्या काळी तिचं गिऱ्हाईक म्हणजे छपाईची शाई, रंग आणि बूटपॉलिश. बिनी अँड स्मिथला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात काजळीसाठी सुवर्णपदक मिळालं, तेव्हा तिचा लौकिक गडद काळ्या रंगाचाच होता. आपल्याकडच्या पोथ्याही काजळीच्याच शाईने लिहिल्या आहेत. रबरवाल्यांच्या हाताशी ती रंगाच्या दुकानातूनच आली असणार. आज ती टायरच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा असते, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही तिचा कारखाना आहे.

काजळी ऊन शोषून रबराला जपते. तरीही टायर काही महिन्यांत तपकिरी पडतोच. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात एक रसायन आणि मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ते रसायन हवेशी मिळून तपकिरी होतं. आपण ज्याला मळ समजून वैतागतो, त्यात टायरचं स्वतःचं औषधही असतं.

हा तपकिरीपणा झाकायला पॉलिश मारतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही वॉशिंग सेंटरवर उभं राहा. पोरगा कापलेल्या कॅनमध्ये स्पंज बुडवतो, दुधासारखं पांढरं पाणी टायरच्या बाजूवर गोल फिरवतो. पाच मिनिटांत पांढरेपणा उडतो आणि टायर ओला असल्यासारखा चमकतो. चांगल्या टायर पॉलिशमध्ये पाण्यात घुसळलेलं सिलिकॉन तेल असतं. पाणी उडून गेलं की तेलाचा पातळ थर तेवढा मागे राहतो. सिलिकॉनसाठीची डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली १९४३ मध्ये. कित्येक ठिकाणी मात्र अजूनही डिझेलचा फवारा मारतात. चमक येते, पण डिझेल रबरात मुरून ते फुगवतं आणि मऊ पाडतं.

तेव्हा डिझेलला नाही म्हणा. टायर आधी साबणाने घासून पूर्ण सुकू द्या, पॉलिश फक्त बाजूच्या भिंतीला लावा आणि जास्तीचं फडक्याने टिपून घ्या. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते गेलं तर ब्रेक लावताना गाडी घसरते. दुचाकीच्या टायरला तर ते अजिबात लावू नका.