आजारपणानंतर वजन घटविण्याची पुन्हा सुरुवात : शरीरातील बदल, आवश्यक तपासण्या आणि सुरक्षित क्रम

नवी दिल्ली : हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया, अस्थिभंग, दीर्घकाळचा ताप किंवा डेंग्यू-चिकुनगुन्यासारखा आजार यांमुळे नियमित आहार-व्यायामाचा क्रम मोडतो आणि महत्प्रयासाने घटविलेले वजन काही महिन्यांत परत येते. प्रकृती सुधारल्यावर अनेकजण आजारापूर्वी जेथे थांबले होते तेथूनच पुन्हा आरंभ करतात. तेवढेच अंतर, तेवढीच वजने, तेवढाच कमी आहार. याच घाईत दुखापत होते, थकवा बळावतो किंवा रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. आजारपणानंतरचे शरीर पूर्वीचे राहिलेले नसते. त्यामुळे पुनःप्रारंभाचे नियम पहिल्या प्रयत्नापेक्षा वेगळे असतात.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूलतेच्या गटात मोडतात. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासात पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के, तर मधुमेहाचे ११.४ टक्के आढळले.

भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि चयापचयाचे विकार लवकर उद्भवतात. म्हणून शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानण्याची पद्धत भारतीय तज्ज्ञांनी स्वीकारली आहे. कमरेच्या घेरासाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. आजारपणानंतर हा घेर वजनकाट्यापेक्षा अधिक माहिती देतो. स्नायू झिजून त्यांची जागा चरबीने घेतली, तर काट्यावरील आकडा तोच राहतो. घेर मात्र वाढतो.

खंडाच्या काळात शरीरात काय घडते

अंथरुणाला खिळून राहण्याचा परिणाम किती खोल असतो, हे अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झालेल्या प्रसिद्ध प्रयोगाने दाखवून दिले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण विश्रांतीत ठेवण्यात आले. तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वार्धक्याने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी असल्याचे दिसले. प्रयोगाचा दुसरा भाग आश्वासक आहे. पन्नाशीतील या पुरुषांनी सुमारे सहा महिने हळूहळू वाढविलेला व्यायाम केला आणि वयोमानाने गेलेली क्षमता परत मिळविली. गमावलेली ताकद परत येते; तिला आठवडे नव्हे, महिने लागतात.

दुसरा बदल भुकेचा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन घटविल्यानंतर वर्ष उलटूनही भूक वाढविणारी आणि तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके मूळ पातळीवर परतलेली नव्हती. शरीर जणू गमावलेले वजन परत मागत राहते. त्यामुळे व्यायाम थांबताच वजन वाढणे हे इच्छाशक्तीच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. त्यामागे शरीराची जैविक यंत्रणा असते.

वजन वाढण्याचे कारण आधी शोधावे

आजारानंतरची प्रत्येक वजनवाढ चरबीची नसते. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकारात शरीरात पाणी साठते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर धाप लागली, तर उपवास करण्याऐवजी त्वरित डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

काही औषधांमुळेही वजन वाढते. स्टेरॉइड, इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्या, फेफऱ्यावरील काही औषधे आणि मानसोपचारातील काही औषधे यांचा त्यात समावेश होतो. वजनाच्या भीतीने ही औषधे परस्पर बंद करणे घातक असते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास अधिवृक्क ग्रंथी शरीराची गरज भागवू शकत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो. पर्यायी औषध किंवा मात्रेत बदल शक्य आहे का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडणे हा योग्य मार्ग आहे.

थायरॉइडची कमतरता हे वजनवाढीचे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण असले, तरी तिच्यामुळे होणारी वाढ सहसा मर्यादित असते आणि तिचा मोठा भाग क्षार व पाण्याचा असतो. गोळीची मात्रा योग्य झाल्यावर तो भाग उतरतो. उर्वरित वजनासाठी आहार आणि व्यायाम यांचाच आधार घ्यावा लागतो.

कोणी थांबावे

काही आजारांत वजन वाढणे हीच सुधारणेची खूण असते. क्षयरोग हे त्याचे ठळक उदाहरण. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. क्षयरुग्णांना पोषणासाठी दिले जाणारे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये केले, त्यामागेही हाच विचार आहे. क्षयरोगाचा उपचार सुरू असताना वजन घटविण्याचा कार्यक्रम हाती घेऊ नये.

गरोदर स्त्रिया, कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण आणि जखम अद्याप न भरलेले शस्त्रक्रियेचे रुग्ण यांनीही डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीवाचून आहार कमी करू नये. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले असेल, तर आनंद मानण्यापूर्वी त्याचे कारण तपासून घ्यावे.

सुरुवातीपूर्वीच्या तपासण्या

रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंड व यकृताचे कार्य आणि चरबीचे प्रमाण या तपासण्यांतून बहुतेकांचे चित्र स्पष्ट होते. हृदयविकार झालेल्यांना हृदयाच्या कार्याची तपासणी आणि व्यायामाची मर्यादा ठरवून घेणे अपरिहार्य आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये तीस वर्षांवरील नागरिकांची रक्तदाब व मधुमेहासाठी तपासणी केली जाते. दूरच्या भागातील रुग्णांना ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेमार्फत दूरध्वनी किंवा चित्रसंवादाद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक बाब विशेष महत्त्वाची आहे. आहार कमी केला आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियाची मात्रा जुनीच राहिली, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. रक्तदाबाच्या औषधांचेही तसेच आहे. वजन उतरू लागले की जुनी मात्रा जास्त ठरून उभे राहताना चक्कर येऊ शकते. आहारात बदल करण्यापूर्वीच औषधांचा फेरविचार करून घेणे हिताचे.

आहार : आधी प्रथिने, मग कपात

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार दिवसाच्या ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असावा आणि ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा. वजन कमी करताना आठवड्याला सुमारे अर्धा किलो घट सुरक्षित मानली गेली असून दिवसाला १,००० किलोकॅलरीपेक्षा कमी आहार घेऊ नये, असा सल्ला आहे. वेगाने वजन घटविल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो आणि स्नायूही झिजतात.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीस सुमारे ५८ ग्रॅम. आजारातून उठलेल्या व्यक्तीची आणि ज्येष्ठांची गरज याहून अधिक असू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. यासाठी महागड्या भुकट्यांची गरज नाही. उत्तरेत भाजलेले चणे आणि सत्तू, दक्षिणेत सांबार आणि उडदाची इडली, किनारपट्टीवर मासे, महाराष्ट्रात पिठले आणि मोड आलेली उसळ हे सर्व हाताशी असलेले पर्याय आहेत. अडचण बहुधा प्रमाणाची असते. ताटात भात किंवा पोळी भरपूर आणि डाळ पातळ, अशी रचना असेल तर पोट भरते, पण स्नायूंना आवश्यक घटक मिळत नाहीत.

तेल आणि साखर ही कपातीची पहिली जागा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात दरमहा खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. महिन्याच्या किराणा यादीत तेलाचे प्रमाण लिहून ठेवणारे कुटुंब हा बदल सहज मोजू शकते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे. लोणचे, पापड, फरसाण यांतून ती नकळत ओलांडली जाते.

व्यायाम : जुन्या विक्रमांकडे पाठ

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम अशी आहे. आजारपणानंतर हा आकडा गाठण्याचे ठिकाण आहे, आरंभाचे नव्हे. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसातून दोन वेळा सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे बहुतेकांना पुरेसे असते. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची घरगुती कसोटी आहे.

त्यानंतर दर आठवड्याला काही मिनिटांची भर घालावी आणि एका वेळी वेळ किंवा वेग यांपैकी एकच वाढवावा. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी थकवा किंवा वेदना अधिक जाणवल्यास मागील टप्प्यावर परतावे. विषाणुजन्य आजारांनंतर असा विलंबित थकवा अनेकांना येतो. चिकुनगुन्यानंतर सांधेदुखी महिनोन्‌महिने टिकू शकते. अशांना धावण्यापेक्षा पोहणे किंवा स्थिर सायकल सोयीची.

स्नायूंसाठी व्यायामशाळा अनिवार्य नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यांतून आरंभ होतो. मात्र छातीचे हाड उघडून हृदयशस्त्रक्रिया झालेल्यांनी साधारण सहा ते आठ आठवडे, तसेच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत जड वस्तू उचलू नयेत. ज्या रुग्णालयांत हृदयरोग्यांसाठी पुनर्वसन कार्यक्रम आहे, तेथे देखरेखीखाली व्यायाम सुरू करणे सर्वांत सुरक्षित.

इंजेक्शनद्वारे वजन घट

भारतीय बाजारात २०२५ मध्ये तिर्झेपटाइड आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने उपलब्ध झाली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावयाची आहेत. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आजारपणात काही मात्रा चुकल्या असतील तर जुन्याच मोठ्या मात्रेने पुन्हा सुरुवात करू नये. तीव्र मळमळ व उलट्या होऊ शकतात. अशा वेळी कमी मात्रेपासून चढत जाण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

उद्दिष्ट कोणते ठेवावे

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनाचे उद्दिष्टच ठेवू नये. झोप, प्रथिने आणि चालणे यांची घडी बसविणे पुरेसे आहे. त्यानंतर सध्याच्या वजनाच्या ५ टक्के हे पहिले लक्ष्य ठेवता येते. ८० किलोच्या व्यक्तीसाठी ते ४ किलो, म्हणजे सुमारे आठ आठवड्यांचे काम. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ७ टक्के वजनघटीचे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचालीचे लक्ष्य देण्यात आलेल्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. चेन्नईतील संशोधकांच्या भारतीय अभ्यासात (२००६) जीवनशैलीतील बदलांनी हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता. काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेला, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

आजारानंतर खिन्नता, भीती आणि स्वतःवरचा राग या भावना सामान्य आहेत. हृदयविकाराच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते. झोप उडणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विविध भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

व्यायाम त्वरित थांबवावा अशी लक्षणे

छातीत दुखणे किंवा दडपण, ते दडपण जबडा वा डाव्या हाताकडे पसरणे, विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप, भोवळ, हृदयाची अनियमित धडधड आणि एकाच पोटरीत सूज व वेदना ही लक्षणे दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा आणि वैद्यकीय मदत घ्यावी. यांपैकी पोटरीची सूज दीर्घ विश्रांतीनंतर रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे, तर बहुतेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधता येतो.