साताऱ्याचे बोर्डिंग

विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाची शाळा बहुधा गावातच संपत असे. पुढचे वर्ग मोठ्या गावात, आणि तिथे राहायचे कुठे, खायचे काय, यावरच घोडे अडे. अस्पृश्य मुलांना तर पैसे मोजूनही खोली मिळत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी हेरली. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुलांच्या डोक्यावर छप्पर आले, पण पंगती बव्हंशी वेगळ्याच राहिल्या.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच बोर्डिंग काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगचे खरे वेगळेपण स्वयंपाकघरात होते. मुले पाळीपाळीने स्वयंपाक करीत. आज एकाने थापलेली भाकरी दुसऱ्याच्या ताटात, उद्या दुसऱ्याची पहिल्याच्या. त्यात जात विचारायला जागाच नव्हती. अस्पृश्यतेवरची शेकडो व्याख्याने जे करू शकली नाहीत, ते या चुलीने केले. धान्य गावोगावच्या मुष्टिफंडातून येई: घरची बाई दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढी. तेही पुरत नसे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घ्यावे लागते.

दानावर वाढलेला मुलगा मिंधा राहतो, असे भाऊरावांचे ठाम मत होते. म्हणून ‘कमवा आणि शिका’. मुले शेतात राबत, खडी फोडत, माळरान लागवडीखाली आणत, आणि त्या श्रमावर त्यांचे शिक्षण चाले. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर उभे राहिले.

मुलांच्या हाती जबाबदारी सोपवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग शिक्षकांच्या बाबतीत झाला. खेड्यात राहायला शहरी शिक्षक तयार नसत. तेव्हा खेड्यातल्याच मुलांना शिक्षक करायचे ठरले आणि १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. तिथून बाहेर पडलेले तरुण शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन व्हॉलंटरी शाळा चालवू लागले. देवळात किंवा चावडीत फळा टांगला की शाळा सुरू होई. मुलींची सोय मात्र मुलांच्या मानाने उशिरा झाली, ही या कामातली उणीव होती.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परतले. ते या कॉलेजचे प्राचार्य आणि नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. तोवर ‘कमवा आणि शिका’ रयतेच्या कॉलेजांत रुजली होती. पुढे महाराष्ट्रातल्या इतर विद्यापीठांनीही ती योजना स्वीकारली.