वाळूवरची पंगत

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्याकडील बहुतेक कुटुंबांत एक बेत हमखास ठरतो : चार दिवस समुद्रावर जाऊन यायचे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मंडळी पाण्यात किती वेळ असतात आणि खाण्याच्या गाड्यांभोवती किती वेळ असतात, याचा हिशेब कोणी मांडला, तर दुसरा आकडा मोठा निघेल अशी आमची अटकळ आहे. भेळ, शहाळे, भाजलेले कणीस, बर्फाचा गोळा आणि रात्री एखाद्या खानावळीत सोलकढीबरोबर भातमासळीचे ताट, हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की, यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारल्यास नवल वाटू नये. पण आमचे म्हणणे असे की, आई, बाप, मुले, सासू, सुना अशा सर्वांनी उघड्या वाळूवर बसून अनोळखी माणसाच्या हातचे खावे, ही गोष्ट आपल्या समाजात फार अलीकडची आहे. आणि ती आपोआप घडलेली नाही.

प्रथम जुन्या प्रवासाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. प्रवासाला निघणे म्हणजे शिदोरी बांधणे. तहानलाडू, भूकलाडू, दशम्या, दह्यात कालवलेला भात. यांतील दशमीकडे नीट पाहिले म्हणजे सगळे शास्त्र कळते. तिचे पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवीत. पाण्यात शिजलेले किंवा भिजलेले अन्न स्पर्शाने विटाळते, दुधातुपातले तितके विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणजे आज जी दशमी आपण खमंग व टिकाऊ म्हणून खातो, ती मुळात सोवळ्याला प्रवासात नेण्याची एक युक्ती होती. बाहेर पडलेला माणूस आपल्या घराच्या चुलीची मर्यादा फडक्यात बांधून बरोबर नेत असे. घाटावरील घरांतून मे महिन्यात कोकणात जाणे होई तेही गावी जाणे असे, सहल नव्हे. तेथे आंबेफणस खायचे ते आजोळच्या अंगणात. किनाऱ्यावर पैसे देऊन जेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

या मर्यादेचा धाक किती होता, हे सांगण्यास पुण्याचेच उदाहरण घेऊ. ज्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंतव्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनाच हा धाक भोवला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. हजर असलेल्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे ‘पुणेवैभव’ पत्रात नावे छापून आली, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली आणि ग्रामण्य पेटले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी मित्रांची व आप्तांची अडचण ओळखून १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकून घेतले. एका कपाने शहरातील मोठमोठी माणसे दोन वर्षे हैराण झाली. तो कप मिशनमधला होता, म्हणून वाद विशेष तापला हे खरे. परंतु परक्या हातचे अन्न हा वादाचा गाभा होता. आज चौपाटीवर पाणीपुरीचा द्रोण पुढे करताना समोरच्याची जात विचारण्याचे कोणास सुचत नाही. या दोन टोकांमधले अंतर कसे कापले गेले?

पहिले श्रेय मुंबईला द्यावे लागते. १८५०नंतरच्या काळात तेथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आगगाडी आली. १८६७ साली विरारपासून बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली आणि लोहमार्ग समुद्राला खेटून गेला. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाय मोकळे करण्यास समुद्राखेरीज जागा नव्हती. गिरगावची चौपाटी ही या अर्थाने गरिबांचे अंगण झाली. तेथे लोक जमत ते केवळ हवा खाण्यास नव्हे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्यास, गणपती पोहोचविण्यास, सभा ऐकण्यास सारे शहर तेथे येई. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचा देह याच वाळूवर अग्नीला अर्पण झाला. जेथे गर्दी, तेथे चणेवाला, हा जगाचा नियमच आहे. प्रथम समुदाय आला, त्याच्यामागून टोपली आली, टोपलीची गाडी झाली, गाडीची ओळ झाली.

आता त्या टोपलीत काय होते ते पाहावे. कारण गोष्टीची किल्ली तेथे आहे. चणे, शेंगदाणे, कुरमुरे, शहाळे, ऊस. यांतील एकही पदार्थ पाण्यात शिजविलेला नाही. भाजलेले धान्य आणि तळलेला फरसाण यांना सोवळ्याच्या नियमांत पूर्वीपासून थोडी सवलत होती. फळाला तर विटाळ मानीतच नसत. शहाळ्याचे पाणी निसर्गानेच झाकून ठेवलेले. तेव्हा ज्या गृहस्थाला परक्याच्या हातचा भात घशाखाली उतरला नसता, त्याला चारचौघांत मूठभर कुरमुरे खाण्यास हरकत वाटली नाही. पुढे त्या कुरमुऱ्यांत शेव पडली, बटाटा पडला, चिंचेचे पाणी पडले, आणि ज्याला कर्मठ घरात थारा नव्हता तो कांदाही पडला. भेळ तयार झाली तेव्हा नियम मोडून गेलेला होता. मात्र तो कोणत्या घासाला मोडला, हे खाणाऱ्यालाही कळले नसावे. सुधारकांना व्याख्याने देऊन जे साधण्यास पिढ्या लागल्या, त्यातला काही वाटा या कागदाच्या पुड्याने बोभाटा न करता उचलला, असे आम्हांस वाटते. पुड्याचेही महत्त्व कमी लेखू नये. कपबशी उष्टी होते, धुवावी लागते, कोणी वापरली याचा संशय येतो. द्रोण आणि कागद खाऊन झाले की टाकून देता येतात.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. शहरात इराण्यांची हॉटेले निघाली, उडप्यांची उपाहारगृहे निघाली, तरी घरंदाज बाईने तेथे बसणे बरेच दिवस चमत्कारिक समजले जाई. म्हणून पडदे लावलेल्या फॅमिली रूमची सोय आली. समुद्रावर पडदा कोठे लावणार? तेथे आकाश उघडे, वाळू सगळ्यांची. नवऱ्याच्या व मुलांच्या बरोबरीने बसून, कोणाला आधी न वाढता, बाईने आपला पुडा आपण खावा, हे दृश्य घरात दुर्मिळ होते. घरात तिची पाळी शेवटची असे. याच वाळूवर एप्रिल १९३० मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले यांनी समुद्राचे पाणी उकळून मीठ तयार केले आणि सरकारचा कायदा मोडला. ज्या चुलीने बाईला घरात बांधून ठेवले, ती चूल त्या दिवशी समुद्रावर येऊन राजकारणाचे साधन झाली. तो प्रसंग आणि भेळेचा पुडा एका मापाने मोजता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी दोन्हींच्या मुळाशी स्त्री घराबाहेर, सर्वांदेखत आणि संकोच टाकून उभी राहिली, ही एकच गोष्ट आहे.

मात्र येथे स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. वाळू सर्वांची होती. बाकडे सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना कित्येक हॉटेलांत आत पाऊल टाकता येत नसे; कोठे त्यांची कपबशी बाहेर निराळी ठेवीत व ती त्यांनाच धुवावी लागे. १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मग अन्नाची गोष्ट दूरच. समुद्रकाठच्या रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सहभोजने घडवून आणली आणि १९३३ साली तेथे अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. चहाचे दुकान उघडणे हे एके काळी धाडस होते, हे आज कोणास खरे वाटेल? मुंबईकडे अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकरीच्या सहभोजनांचा ध्यास घेतला. अखेर २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या पंधराव्या कलमाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत कोणालाही जातीच्या कारणाने मज्जाव करता येणार नाही असे ठरले. घटनेच्या गंभीर वाक्यांत उपाहारगृहाचे नाव का यावे, असे परक्याला वाटेल. ज्याला बाहेर उभे राहून चहा प्यावा लागला, त्याला वाटणार नाही.

या इतिहासातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा; बटाटा हा शब्दही त्यांच्याकडून आला, आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून अमेरिकेहून आपल्याकडे उतरली. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्याच पावात त्याच बटाट्याचा वडा घालून वर मिरची ठेवली, म्हणजे आज अस्सल मराठी खाणे होते! १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली, असे सर्वत्र सांगितले जाते. समुद्राने जे आणले ते आपण आधी बाटवणारे ठरविले, मग पोटात घेतले, आणि शेवटी अभिमानाने मिरवले. शुद्ध म्हणविणाऱ्या बहुतेक परंपरांची कुंडली थोडीफार अशीच निघते.

आता मुंबई सोडून खाली कोकणात उतरू. गिरणगावात शेकडो कोकणी चाकरमाने घरची माणसे गावी ठेवून एकटे राहत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी बहुधा बायकाच चालवीत. चाकरमान्याची मनीऑर्डर गावी जाई, तिच्यावर गावची चूल पेटे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा तो आधार तुटला. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि घराघरांवर ‘घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसू लागल्या. पूर्वी कोकणातला मुलगा मुंबईच्या खानावळीत जेवत होता. आता मुंबईचे कुटुंब कोकणातल्या घरी पैसे देऊन जेवू लागले. मनीऑर्डरऐवजी पाहुणाच घरी येऊ लागला म्हणाना. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली अशा ठिकाणी ओटीवर बसून आपण उकडीचे मोदक किंवा बांगड्याचे तिखले खातो, तेव्हा ती चव सुटीची म्हणून आपल्या लक्षात राहते. स्वयंपाकघरातील बाईला ती सुटी नसते. तिचा मे महिना हा वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना असतो. तथापि तोच तिच्या हातात तिचा स्वतःचा पैसा देणारा महिनाही असतो, आणि हे थोडे नाही.

तेव्हा या पंगतीचा हिशेब काय लागतो? जातीची भिंत वाळूवर बरीचशी ढासळली. घरांच्या भाड्याच्या आणि डब्यांतल्या मासळीच्या निमित्ताने ती अन्यत्र डोके वर काढतेच. बाईचा घास बाहेर मोकळा झाला. घरी तो अजून पुष्कळदा शेवटचाच आहे. गाडीवाल्याच्या पदार्थाला आपण नावाजतो. गाडी मात्र रस्त्यात अडचण वाटते. पथविक्रेत्यांच्या हक्कांचा कायदा होण्यास २०१४ साल उजाडावे लागले. आणि किनाऱ्यावर खाण्याच्या जागा दाटीने वाढतात, तसतशी कोळणीला मासळी वाळत घालण्याची जागा कमी पडते. आपल्या ताटातली सुकी मासळी त्याच जागेतून येते, याचा आपणांस विसर पडतो.

पंगतीचा जुना नियम असा होता की, शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत कोणी उठू नये. सोवळ्याचे पुष्कळ नियम समुद्रात बुडाले ते बरेच झाले. हा एक मात्र वाळूवर राहू द्यावा. या सुटीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलात, तर भेळेचा पुडा हाती घेताना त्यांना पंचहौदच्या चहाची गोष्ट जरूर सांगा. आणि घरी परतण्यापूर्वी, ज्या बाईने रांधले ती जेवली का, एवढे विचारून या.