पाहणी आणि देखावा : कोलोरॅडोच्या कड्यांची छायाचित्रे

'पाहणी' आणि 'देखावा' हे मराठीतले दोन्ही शब्द डोळ्यांच्या व्यापारातून आले आहेत, पण त्यांचे व्यवहार निराळे आहेत. पाहणी होते ती जमिनीची, पिकाची, नुकसानीची. ती करणारा अधिकारी असतो, तिच्यानंतर अहवाल येतो आणि त्या अहवालावर कोणाचे तरी भवितव्य ठरते. देखावा पाहणाऱ्याच्या सुखासाठी असतो, मग तो घाटमाथ्यावरून दिसणारा असो किंवा गणपतीपुढे मांडलेला. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी पठार कापीत जाणारी कोलोरॅडो नदी आणि तिचे तांबडे कडे यांच्या छायाचित्रणाचा इतिहास या दोन शब्दांच्या दरम्यान घडला आहे. ती चित्रे पाहणीसाठी काढली गेली आणि पुढे देखावा म्हणून भिंतींवर लागली. या स्थलांतरात काय हरवले आणि काय अनपेक्षितपणे टिकले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकी यादवी युद्धात उजवा हात गमावलेला भूशास्त्रज्ञ. तो २४ मे १८६९ रोजी चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन ग्रीन नदीवरून निघाला आणि तीन महिन्यांनी ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे पोचला. तेव्हा मूळ दहांपैकी सहाच माणसे उरली होती. या प्रवासात कॅमेरा नव्हता. १८७१ मध्ये निघालेल्या दुसऱ्या मोहिमेत मात्र नकाशाकारांबरोबर छायाचित्रकारालाही स्थान मिळाले. सरकारी पैशावर चाललेल्या शोधाला पुरावा द्यावा लागतो, आणि पुराव्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणून छायाचित्राची तोवर प्रतिष्ठा झाली होती.

हे साधन किती अवघड होते याची कल्पना असल्याशिवाय त्या चित्रांचे वाचन करता येत नाही. तेव्हा ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कलोडिअनचा चिकट थर द्यायचा, काळोख्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याआधी परत तंबूत नेऊन चित्र प्रकट करायचे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. वाळवंटातल्या कोरड्या हवेत तेवढा अवधीही मिळत नसे. धुण्याला पाणी नदीचेच, म्हणजे गाळाने दाट. कॅमेरा, तिपाई, तंबू, रसायने आणि काचांच्या पेट्या कड्यावर चढवायच्या म्हणजे पाठीवर वाहून न्यायच्या. या पद्धतीची आणखी एक मर्यादा होती : ती काच निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. त्यामुळे निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे उमटे आणि तांबडा खडक काळवंडून जाई. वाहते पाणी, प्रकाश देण्याला वेळ लागत असल्याने, धुक्यासारखे दिसे. कोरे आकाश, काळे कडे आणि निश्चल नदी हे या चित्रांचे जे रूप पुढे 'शैली' म्हणून वाखाणले गेले, त्यातला मोठा वाटा रसायनाचा होता.

दुसऱ्या मोहिमेचा पहिला छायाचित्रकार ई. ओ. बीमन १८७२ च्या आरंभी बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला जेम्स फेनिमोर आजारी पडून परतला. ज्याने पुढे काम सांभाळले तो जॅक हिलर्स मुळात वल्ही मारण्यासाठी घेतलेला जर्मन स्थलांतरित होता. सोबत राहून तो ही विद्या शिकला आणि १८७२ च्या उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनमध्ये कॅमेरा त्याच्याच हाती होता. पुढे अमेरिकेच्या सरकारी मानववंशशास्त्रीय आणि भूशास्त्रीय संस्थांचा तो छायाचित्रकार झाला. या चित्रांच्या जोडप्रती स्टिरिओस्कोपमधून पाहण्यासाठी घरोघर विकल्या गेल्या. म्हणजे पाहणी चालू असतानाच तिचा देखावा होऊ लागला होता.

देखावा या शब्दाचा दुसरा अर्थही येथे लागू पडतो. १८७३ मध्ये चित्रकार टॉमस मोरन पॉवेलबरोबर या प्रदेशात आला. त्या सुमारास हिलर्सने काढलेल्या पायूट लोकांच्या अनेक चित्रांत त्यांच्या अंगावर जे कातडी पोशाख आणि पिसांचे शिरोभूषण दिसते, ते पॉवेलने पुरवलेले होते. जे लोक या कड्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना 'आदिवासी दिसण्यासाठी' वेष चढवावा लागला. मोरनने मात्र आपल्या 'द कॅझम ऑफ द कोलोरॅडो' या प्रचंड चित्रात माणसांना वगळून दऱ्या आणि वादळच रंगवले. ते चित्र अमेरिकी काँग्रेसने १० हजार डॉलरना विकत घेतले. एका ठिकाणी माणूस सजवला गेला, दुसऱ्या ठिकाणी पुसला गेला. दोन्हींमधून निघणारा निष्कर्ष एकच : ही भूमी रिकामी आहे.

१८७१ मध्येच नदीच्या खालच्या अंगाने लेफ्टनंट जॉर्ज व्हीलरची लष्करी मोहीम प्रवाहाविरुद्ध वर चालली होती. तिचा छायाचित्रकार टिमोथी ओसुलिव्हन यादवी युद्धातल्या रणभूमीवरची प्रेते टिपून आलेला होता. त्याच्या ताब्यातल्या होडीचे नावच 'पिक्चर' असे होते. ब्लॅक कॅन्यनमधल्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात काठाशी लागलेल्या होडीत एकच माणूस बसला आहे, भोवती काळे कडे आहेत आणि पाणी आरशासारखे स्थिर आहे. एकांताची प्रतिमा म्हणून हे चित्र आज डोळ्यांपुढे येते. वस्तुतः त्या मोहिमेत सैनिक होते, शास्त्रज्ञ होते, आणि होड्या वर ओढून नेणारे मोहावी लोकही होते. त्यांच्यापैकी मैमान नावाच्या वाटाड्याचे आणि दुभाष्याचे चित्र ओसुलिव्हननेच काढले आहे. एकांत हा त्या स्थळाचा गुण नव्हता, कॅमेरा कोठे उभा केला त्याचा परिणाम होता.

१८७३ मध्ये ओसुलिव्हनने कॅन्यन द शे येथे उभ्या कड्याच्या कपारीतले प्राचीन घरांचे अवशेष टिपले. कड्यावरचे पावसाचे काळे ओघळ आणि त्याखालची चिमुकली घरे, अशी ती रचना आहे. ही दरी नावाहो लोकांची. १८६४ मध्ये किट कार्सनच्या सैन्याने त्यांना येथून हुसकावले, त्यांच्या पीचच्या बागा तोडल्या आणि शेकडो मैल चालवत बॉस्के रेडोंडोला नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. म्हणजे छायाचित्र काढले गेले तेव्हा त्या परतीला अवघी पाच वर्षे झाली होती. चित्राच्या चौकटीत मात्र भग्नावशेष आहेत आणि मापासाठी उभी केलेली मोहिमेतली माणसे आहेत.

पुढे अॅन्सेल अॅडम्सच्या संग्रही ओसुलिव्हनच्या चित्रांचा एक आल्बम आला. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील छायाचित्रण-इतिहासाच्या प्रदर्शनात त्यातली चित्रे लागली. १९४२ मध्ये अॅडम्सने जवळजवळ त्याच जागेवरून त्याच अवशेषांचे चित्र घेतले. त्यात एकही माणूस नाही. सरकारी अहवालातले पान आता कलाकृतीचे पूर्वज ठरले होते.

या प्रक्रियेवर रोझालिंड क्राउस यांनी १९८२ मधल्या आपल्या निबंधात नेमके बोट ठेवले. ओसुलिव्हनची चित्रे 'निसर्गचित्रे' म्हणून संग्रहालयाच्या भिंतीवर लावणे म्हणजे त्यांना परक्या व्यवहारात ओढणे होय, असे त्यांचे म्हणणे. ती ज्या व्यवहारातली होती तो खणाखणांच्या कपाटाचा, भूगोलाच्या नोंदींचा आणि स्टिरिओस्कोपचा होता. संहिता संदर्भापासून तोडून केवळ रूपाने वाचण्याची सवय आपल्याला साहित्याच्या वर्गातही आहे. कवितेतले मौन आपण अर्थपूर्ण मानतो, तसे या चित्रांतले कोरे आकाश आधुनिकतावाद्यांनी अर्थपूर्ण मानले. परंतु क्राउस यांचा मुद्दा पूर्ण मान्य करणेही कठीण आहे. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या सर्वेक्षण-चित्रांच्या जागा शोधून तेथूनच नवी चित्रे घेतली. तेव्हा लक्षात आले की यूटामधल्या विचेस रॉक्सचे चित्र घेताना ओसुलिव्हनने कॅमेरा तिरका धरला होता, त्यामुळे खडक कलंडल्यासारखे नाट्यमय दिसतात. पाहणी करणाऱ्यालाही देखाव्याचा मोह होताच.

तथापि या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा एका अपयशी योजनेने मागे ठेवला. १८८९ मध्ये फ्रँक ब्राउन या उद्योजकाने नदीकाठाने, घळईच्या तळातून रेल्वे नेण्याचा घाट घातला. त्याच्या तुकडीकडे बुडण्यापासून वाचवणारी जाकिटे नव्हती. १० जुलैला ब्राउन बुडाला आणि पाच दिवसांनी आणखी दोघे. मुख्य अभियंता रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या होड्या घेऊन परतला. १ जानेवारी १८९० रोजी छायाचित्रकार फ्रँकलिन निम्स कड्यावरून पडून जबर जखमी झाला आणि त्याला वर चढवून बाहेर काढावे लागले. छायाचित्रणाचा अनुभव नसलेल्या स्टँटनने कॅमेरा स्वतः घेतला आणि रेल्वेमार्गाचा पुरावा म्हणून वळणावळणाला, वर आणि खाली, चित्रे घेत एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत पोचला. रेल्वे कधीच झाली नाही.

शंभर वर्षांनंतर भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील रॉबर्ट वेब आणि सहकाऱ्यांनी स्टँटनच्या चारशेहून अधिक जागांवरून पुन्हा चित्रे घेतली. जोड्या शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते कोणा कलावंताच्या चित्रातून कळले नसते. वाळवंटातली काही झुडपे तीच होती, शतकभर त्याच जागी जिवंत. ओढ्यांतून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्यांनी काही द्रुतवाह बदलले होते. पूर्वी दरवर्षीच्या पुराने धुऊन निघणारे उघडे काठ झाडीने भरले होते आणि वाळूचे काठ झिजले होते. स्टँटनची चित्रे उपयोगी पडली, कारण त्याने सुंदर जागा निवडल्या नाहीत. मोजणीची शिस्त म्हणून त्याने सगळेच टिपले.

काठ बदलले ते धरणामुळे. १३ मार्च १९६३ रोजी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि गाळ वरच अडू लागला. त्याच वर्षी एलियट पोर्टर यांचे 'द प्लेस नो वन न्यू' हे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक सिएरा क्लबने प्रसिद्ध केले. ओलसर भिंतींवरचे निळे-जांभळे प्रतिबिंब, अरुंद घळी, नेचे यांची ती चित्रे म्हणजे बुडणाऱ्या दरीचा शोकलेख आहे. तरीही शीर्षकातल्या 'कोणालाच ठाऊक नसलेली जागा' या दाव्यापाशी थबकावे लागते. फेनिमोर आणि हिलर्स १८७२ मध्ये तेथे होते. त्यांच्याही पूर्वीच्या रहिवाशांची चित्रे दरीच्या खडकांवर कोरलेली होती. जागा वाचवू पाहणाऱ्या चित्रांनीही तिला निर्मनुष्य ठरवले, आणि हे निर्मनुष्यत्व सर्वेक्षण-चित्रांकडूनच वारशाने आले होते.

या जलाशयाला पॉवेलचेच नाव आहे. १९८० मध्ये तो पूर्ण भरला. २००० नंतरच्या दुष्काळात उतरत २०२३ च्या आरंभी, भरू लागल्यापासूनच्या नीचांकाला पोचला. कड्यांवर पांढरा पट्टा राहिला आहे, बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या आहेत. तेथे पूर्वी काय होते हे ठरवायचे तर पोर्टर यांच्या रंगांइतकेच त्या कोऱ्या आकाशाच्या, गाळाचे डाग पडलेल्या काचांकडे वळावे लागते. ती चित्रे पाहताना चौकटीबाहेर कोण उभे होते हा प्रश्न सोबत ठेवला, तर त्यांची साक्ष घेता येईल. मैमान तर चौकटीच्या आतच आहे, नावासकट; आजवरच्या वाचनांनी त्याच्यापेक्षा त्या एकाकी होडीकडे अधिक पाहिले, इतकेच.